ओळी आणि कोष्टके

रात्रीची जेवणे आटोपून घरातील वर्दळ निवली, की कपाटातून एखादे पुस्तक काढावे, त्याचे शीर्षकाचे पान, त्यामागे बारीक टायपात छापलेला प्रकाशकाचा आणि मुद्रकाचा पत्ता, आवृत्तीचे साल, पुस्तक रुपये-आण्यांच्या काळातील असेल तर त्याची किंमत, आणि कोणा पूर्वीच्या मालकाने दौतीच्या शाईने केलेली सही असेल तर तीही, सावकाश वाचावी, आणि मग संगणकावर उघडून ठेवलेल्या एका साध्या टेक्स्ट फाइलीच्या अखेरीस त्या पुस्तकाची एक ओळ लिहावी, असा परिपाठ गेली काही वर्षे मला जडला आहे. ओळीत विशेष असे काही नसते. पुस्तकाचे नाव, उभी रेघ, लेखकाचे नाव, उभी रेघ, प्रकाशनाचे साल, पुन्हा रेघ आणि प्रकाशक: ‘कोसला|भालचंद्र नेमाडे|1963|देशमुख आणि कंपनी’. शेवटच्या रेघेपलीकडे आणखी काही लिहावेसे वाटले तर तेही लिहितो. या फाइलीची त्याला कधी हरकत नसते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या देवनागरीत अशी ओळ उमटली, की पुस्तक विकत घेतले त्या दिवसापेक्षाही त्या क्षणी ते अधिक आपले झाले असे वाटते.

प्रोग्रॅम लिहिणे हा माझ्या उपजीविकेचा भाग कधीच नव्हता. ज्या ओढीने कोणी सतार छेडतो किंवा बागेत कलमे बांधतो, त्याच ओढीने मी या फाइलीभोवती फावल्या वेळात काही लहानसे प्रोग्रॅम लिहिले आहेत. त्यांतला एक लेखकवार यादी मांडतो, दुसरा दशकवार, आणि तिसरा कोणते पुस्तक कोणाकडे वाचायला गेले आहे ते सांगतो. या विद्येत मुरलेले स्नेही घरी आले आणि त्यांनी ही फाइल पाहिली, की ते हमखास म्हणतात, ‘आता एवढी पुस्तके झाली, हे सारे डेटाबेसमध्ये घाला.’ सल्ला आपुलकीचा असतो आणि अनुभवातून आलेलाही असतो. कारण ते ज्या कचेऱ्यांतून काम करतात तेथे एकाच वेळी शेकडो माणसे एकाच नोंदीवर हात टाकत असतात, पैशाचा व्यवहार असतो, आणि चुकलेल्या आकड्याचा जाब विचारणारा कोणी तरी वर बसलेला असतो. माझ्या कपाटाला असा कोणी अधिकारी नाही. उत्तराची वाट पाहणारा कोणी नसला म्हणजे निवडीचा प्रश्न सुटतो असे मात्र नाही. जिथे गरज हुकूम सोडत नाही तिथे साधन निवडताना माणसाला स्वतःची प्रवृत्ती तपासावी लागते, आणि ते काम कचेरीतल्या निर्णयाहून कितीतरी सावकाश होते.

वेगाची अडचण असती तर प्रश्न चुटकीसरशी मिटला असता. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट जागा घेते, तरीही तीन हजार पुस्तकांची अशी यादी पाच-सहा लाख बाइटांच्या आसपासच भरते. खिशातल्या फोनने काढलेले एखादे छायाचित्र त्याहून मोठे असते. आजचे यंत्र ती सबंध फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पापणी लवते न लवते तोच वाचून मोकळे होते. तेव्हा ज्यासाठी डेटाबेसची मोठी ख्याती, त्या शोधाच्या वेगाचा माझ्यासारख्याला काडीचाही लाभ नाही. मग उरते ते काय, हा विचार मनात घोळत राहिला.

साध्या फाइलीचे कुळ थोर आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत, केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून युनिक्स ही कार्यप्रणाली उभारायला घेतली, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी यंत्राच्या अंतर्गत कारभाराचे कागदही माणसाला वाचता येतील अशाच रूपात ठेवले. यंत्र कोणकोण वापरू शकते याची यादी एका साध्या फाइलीत होती. एका ओळीत एक मनुष्य, सात रकाने, आणि दोन रकान्यांमध्ये एक अपूर्णविराम. तो प्रघात अर्धशतक उलटले तरी टिकून आहे. पुढे 1973 साली, डग्लस मॅकिलरॉय यांनी धरलेल्या आग्रहामुळे, एका प्रोग्रॅममधून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसऱ्यात सोडण्याची सोय झाली, आणि शोधणारा, निवडणारा, क्रम लावणारा, मोजणारा अशी एकेका कामात निष्णात असलेली लहान लहान साधने एकमेकांच्या हातात हात घालून काम करू लागली. त्या सर्वांची समाईक भाषा म्हणजे मजकुराची साधी ओळ. मी त्यांतल्या शोधणाऱ्या ‘ग्रेप’ला ‘माडगूळकर’ एवढे एकच नाव देतो आणि तो फाइलीतून व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या आगेमागे ग. दि. माडगूळकरांच्या ओळीही आणून ठेवतो. मला हवा होता एकच भाऊ, समोर येतात दोघे, आणि मग बराच वेळ माणदेशाच्या त्या एका घराचा विचार करण्यात जातो. काटेकोर प्रश्नाचे काटेकोर उत्तर मिळाले असते तर हा योग आला नसता.

ही ओळ वाटते तितकी निरागस मात्र नाही. संगणकाकडून यादीचा अकारविल्हे क्रम लावून घेतला, तेव्हा विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ ही कादंबरी ‘बहिणाबाईंची गाणी’च्या आधी येऊन बसली. बाळबोध वर्णमाला घोकलेल्या माणसाला हे खटकते, कारण आपल्याकडे ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र त्याला ल च्या लगत जागा मिळाली आहे, आणि यंत्र तेवढाच तक्ता जाणते. आचार्य अत्र्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’ची गोष्ट याहून नाजूक. कऱ्हेतला तो अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो. एकात त्यासाठी राखलेले स्वतंत्र चिन्ह असते. दुसऱ्यात नेहमीचा र, त्याला हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही रूपे बहुधा तंतोतंत सारखी उमटतात, पण एका रूपाने शोधू गेल्यास दुसरे सापडत नाही. आत्मचरित्राचा पहिला खंड हाती लागतो आणि दुसरा, जो त्याच फळीवर त्याला खेटून उभा आहे, तो यादीत नाहीच असे यंत्र निःशंकपणे सांगते. यावर डेटाबेसही आपणहून काही उपाय करीत नाही. त्यालाही क्रम आणि साम्य बाइटांवरूनच कळते, आणि मराठीची रीत त्याला वेगळी शिकवावी लागते. म्हणून माझ्या प्रोग्रॅमांतला मला सर्वांत प्रिय असलेला भाग म्हणजे शोधाआधी अक्षरे एकरूप करून घेणारा आणि ळ ला त्याच्या परंपरागत स्थानी नेऊन बसवणारा तो लहानसा तुकडा. त्यासाठी खर्ची पडलेल्या संध्याकाळी वाया गेल्या असे मला कधीही वाटले नाही.

माझे आजोबा सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानावर दिवाणजी होते. त्यांच्या पुढ्यात लांबट, लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या असत. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. कीर्दीत जे जसे घडले ते त्या क्रमाने लिहायचे. सकाळी कोणी पोती उतरवली, दुपारी कोणाला हुंडी दिली, संध्याकाळी तोलाईची मजुरी किती वाटली, सारे एकाखाली एक, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. तिथे खाडाखोड चालत नसे. चूक झालीच तर पुढे उलट नोंद करून ती दुरुस्त करायची आणि चुकलेली नोंद जिथल्या तिथे राहू द्यायची. मग दिवे लागल्यावर, दुकानाच्या फळ्या लावून, त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या नावे खतावणीत चढवायच्या. अमक्या शेतकऱ्याचे येणे किती, हे कीर्द आरंभापासून वाचूनही समजेल, पण त्याला रात्र सरेल. खतावणीत त्याचे पान उघडले की एका दृष्टिक्षेपात समजते. आणि तरीही वाद उपस्थित झाला म्हणजे आजोबा खतावणी मिटून कीर्दीकडे हात नेत, कारण खतावणी ही तिच्यावरून तयार केलेली होती. माझी ओळींची फाइल ही कीर्द आहे आणि स्नेही ज्याची शिफारस करतात तो डेटाबेस ही खतावणी, असे मी स्वतःशी म्हणत आलो आहे.

पण डेटाबेसच्या पोटातही एक कीर्द असते, हे पुढे कळले तेव्हा मला फार समाधान वाटले. कोणताही बदल करण्यापूर्वी तो आपल्या एका रोजनाम्यात आधी टिपण करून ठेवतो, आणि काम चालू असताना वीज गेली तर पुन्हा सुरू होताच ते टिपण वाचून अर्धवट बदल एक तर पुरा करतो किंवा साफ मागे घेतो. उन्हाळ्यातल्या भारनियमनाचे दिवस ज्यांनी महाराष्ट्रातल्या लहान शहरांतून काढले आहेत, त्यांना या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगायला नको. साधी फाइल लिहिली जात असताना दिवे गेले तर तिचा उत्तरार्ध कुठे गेला हे विचारायचीही सोय नसते. म्हणून जाणते लोक नवा मजकूर आधी वेगळ्या नावाने लिहितात आणि तो पूर्ण झाल्यावरच जुन्याचे नाव त्याला देतात. ‘पूर्ण व्हावे किंवा मुळीच घडू नये’ या तत्त्वाला शास्त्राचे रूप देणाऱ्यांत जिम ग्रे यांचे नाव अग्रभागी आहे. 1998 चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. 28 जानेवारी 2007 रोजी ते आईच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोहून आपल्या शिडाच्या नावेतून एकटे समुद्रात गेले आणि परतले नाहीत. तटरक्षक दलाने शोध घेतला, मित्रांनी उपग्रहांवरून घेतलेली समुद्राची चित्रे चौरसाचौरसाने तपासली; नाव सापडली नाही आणि ते स्वतःही नाही. बँकेच्या पावतीपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत कुठेही पडद्यावर ‘व्यवहार पूर्ण झाला’ असे शब्द दिसले, की मला त्यांची आठवण होते.

डेटाबेसच्या बाजूने माझे मन वळवले ते मात्र वेगाने नव्हे आणि सुरक्षिततेनेही नव्हे, तर एका लेखिकेच्या नावाने. त्यासाठी आधी एडगर कॉड यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर 1923 साली जन्मलेला हा गणिती दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक होता आणि नंतर अमेरिकेत जाऊन आयबीएममध्ये रुजू झाला. त्या काळी मोठ्या नोंदी झाडाच्या फांद्यांसारख्या रचनेत ठेवल्या जात. अपोलो मोहिमेच्या अवाढव्य सामग्रीची यादी ठेवण्याच्या निकडीतून आयबीएमची अशी एक व्यवस्था आकाराला आली होती. त्या रचनेत हवी ती नोंद गाठायची तर कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर उतरायचे हे विचारणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागे. कॉड यांनी 1970 च्या जूनमध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सांगितले, की नोंदी केवळ साध्या कोष्टकांत ठेवा, त्यांतले परस्परसंबंध समान मूल्यांवरून जुळू द्या, आणि नोंद आत कुठे व कशी ठेवली आहे याचे ओझे विचारणाऱ्यावर टाकू नका. प्रश्न ‘काय हवे’ एवढाच असावा. ‘कसे आणायचे’ हे यंत्राने पाहावे. माझ्यासारख्या छांदिष्टालाही या विचाराची भव्यता जाणवते.

आता ते नाव. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर विभावरी शिरूरकर असे नाव होते. सुशिक्षित, अविवाहित स्त्रीच्या मनातील जे बोलायचे नाही ते त्या कथांनी बोलून दाखवले, मोठा गहजब झाला, आणि ही लेखिका कोण याचा शोध लोक घेत राहिले. त्या होत्या बाळूताई खरे. पुढे विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. या तिन्ही नावांनी त्यांचे लेखन छापले गेले आहे. माझ्या फाइलीत या नावांच्या ओळी परस्परांपासून दूर कुठे कुठे विखुरल्या आहेत, आणि ‘रणांगण’कार बेडेकरांच्या शेजारी ज्या नावाने त्या यायच्या, त्या नावाचे त्यांचे एकही पुस्तक माझ्याकडे नाही. ओळींच्या फाइलीत अशा वेळी दोनच मार्ग असतात. एक तर छापलेले नाव काढून तिथे खरे नाव लिहायचे, म्हणजे ज्या स्त्रीने विचारपूर्वक स्वतःला झाकून घेतले तिचे पांघरूण सूचिकाराने ओढायचे. किंवा नावे जशीच्या तशी ठेवायची आणि या तिघी एकच आहेत हे ज्ञान आपल्या डोक्यात बाळगायचे, जे आपल्याबरोबर जाईल. कोष्टकांत तिसरा मार्ग आहे. माणसांचे एक कोष्टक, नावांचे दुसरे, पुस्तकांचे तिसरे. पुस्तकाचे नाते छापलेल्या नावाशी, नावाचे नाते माणसाशी. पुस्तकावर जे होते ते अबाधित राहते आणि माणूस एक आहे हेही नोंदले जाते. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची राहते, ‘नटसम्राट’ शिरवाडकरांचे. ‘झेंडूची फुले’ केशवकुमारांची आणि ‘कऱ्हेचे पाणी’ अत्र्यांचे. मराठी साहित्यात टोपणनावांची जी समृद्ध परंपरा आहे तिला शोभेल अशी ही रचना आहे, आणि ती सुचली त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

तथापि कोष्टक आधी प्रश्न विचारते आणि मग नोंद घेते. रकाने किती, त्यांत अंक की अक्षरे, कोणता रिकामा चालेल, कोणता चालणार नाही, हे पहिले पुस्तक दाखल करण्यापूर्वीच ठरवावे लागते. माझ्या संग्रहाविषयी त्या घडीला मला जे ठाऊक नसते, नेमके तेच मला तिथे ठरवावे लागते. उलट माझ्या ओळींच्या अखेरीस, शेवटच्या रेघेपलीकडे, जे साचले आहे ते कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते: ‘पान 112 नंतर बांधणी उलटी’, ‘पुरात भिजलेले, वाळवून ठेवले’, ‘समासात कोणी तरी पेन्सिलीने वाद घातला आहे, अक्षर बाईचे वाटते’. सरकारी नमुन्यात अगदी उजवीकडे ‘शेरा’ म्हणून एक अरुंद रकाना असतो आणि कारकुनाला जे खरोखर सांगायचे असते ते बहुधा तिथेच दाटीवाटीने लिहिलेले आढळते. माझ्या संग्रहाचा जीव अशा शेऱ्यांत आहे. डेटाबेसमध्येही शेऱ्याचा रकाना ठेवता येतो, हे खरे. पण तिथे तो पाहुण्यासारखा राहतो, आणि माझ्या फाइलीत तो घरचा आहे. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची सिद्ध केली, ती चाळताना मला नेहमी वाटत आले आहे, की एवढ्या हजारो ग्रंथांच्या नोंदी करताना त्या माणसाच्या मनात किती शेरे उमटले असतील, आणि सूचीच्या शिस्तीपायी त्यांतले किती बाहेर राहिले असतील.

या दोन टोकांमधले अंतर अलीकडे पुष्कळ कमी झाले आहे, याचे श्रेय रिचर्ड हिप यांना दिले पाहिजे. अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवरील प्रोग्रॅमचे काम ते करीत होते. प्रोग्रॅम निर्दोष असूनही त्यामागचा मोठा डेटाबेस बंद पडला की सारेच थांबे. तेव्हा असा पहारेकरी मध्ये नसलेला, सरळ एका फाइलीतच राहणारा डेटाबेस का असू नये, या विचारातून 2000 साली एसक्यूलाइट निर्माण झाले. हिप यांनी त्यावरचा स्वामित्वहक्क सोडून ते सर्वांना खुले केले. आज बहुतेक प्रत्येक फोनमध्ये ते आहे. त्याच्या कर्त्यांनी 2050 पर्यंत ते सांभाळण्याचा संकल्प जाहीर केला आहे, आणि अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने दीर्घकाळ जतन करण्याजोग्या फाइलींच्या प्रकारांत त्याला स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीच्या पंक्तीला बसवले आहे. मी एकदा कुतूहलाने अशी एक फाइल साध्या संपादकात उघडून पाहिली. आरंभी रोमन लिपीत तिचे स्वतःचे नाव आणि आवृत्तीचा आकडा, मग अगम्य चिन्हांची गर्दी, आणि त्या गर्दीतून मध्येच, एकही काना-मात्रा न ढळता, ‘ययाति’, ‘विशाखा’, ‘बनगरवाडी’.

साधी फाइल तेवढी चिरंजीव, असेही कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ज्यांनी संगणकावर मराठी लिहिले त्यांच्याजवळ अशा कितीतरी फाइली असतील, ज्यांतला एकही बाइट नष्ट झालेला नाही आणि एकही शब्द वाचता येत नाही. त्या काळी प्रत्येक फाँट बनवणाऱ्याने आपापल्या मताप्रमाणे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले होते. तो फाँट गेला की मागे उरते ती रोमन चिन्हांची विसंगत माळ. माझ्या एका दिवंगत स्नेह्याने आयुष्यभर जमवलेल्या म्हणींचा संग्रह अशा अवस्थेत मजजवळ आहे. तो मी एकेक चिन्ह ओळखून उलगडतो आहे, आणि ज्यांचे आकार वाचता येत नाहीत त्या म्हणी स्नेह्याच्या आवाजात ऐकल्याचे मला आठवते. 1992 च्या सप्टेंबरात टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावर ताटाखाली अंथरलेल्या कागदावर, जगातील सर्व लिप्यांना सामावणाऱ्या यूटीएफ-8 या पद्धतीचा आराखडा लिहून काढला. त्या पद्धतीवर सर्वांचे एकमत झाले, म्हणून माझी ‘कोसला’ची ओळ आज कुठल्याही यंत्रावर ‘कोसला’च दिसते. साधेपणाच्या तळाशीही असा एक करार असतो, आणि तो पाळणारी माणसे असावी लागतात.

तूर्त माझ्या घरी आजोबांचीच पद्धत चालू आहे. लिहायचे ते ओळींच्या फाइलीत लिहितो, आणि एक प्रोग्रॅम ती फाइल वाचून एसक्यूलाइटची कोष्टके दर वेळी नव्याने उभी करतो. कोष्टके बिघडली, तर ती टाकून पुन्हा करता येतात. नावांचा माणसांशी असलेला संबंध मी दुसऱ्या एका लहान फाइलीत ओळी लिहूनच नोंदला आहे. ही व्यवस्था स्थिर झाली असे वाटत असतानाच बंगळूरला असलेल्या मुलीने विचारले, ‘बाबा, माझी पुस्तकंही तुमच्या यादीत घेता का? मी इथून लिहीत जाईन.’ दोन हात एका नोंदीवर आले म्हणजे डेटाबेसच हवा, हा स्नेह्यांचा युक्तिवाद मला आठवला. पण आम्हा दोघांना एकाच क्षणी लिहायचे नाही. ती रविवारी लिहिते, मी रात्री. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली केलेले गिट हे साधन अशा दोन प्रती ओळीओळीने ताडून एकत्र करते, आणि त्याला साधी फाइलच लागते. डेटाबेसच्या फाइली त्याला अशा जुळवता येत नाहीत. तेव्हा दुसरा हात आला तो ओळींच्याच पक्षाला बळ देत आला.

मुलीने येताच एक नवा रकाना घातला: ‘कोणाकडून’. हा विचार मला कधी सुचला नव्हता. आता जुन्या प्रत्येक ओळीपुढे एक रिकामी जागा उघडली आहे, आणि ती सर्वत्र सारख्या अर्थाने रिकामी नाही. जी पुस्तके मी स्वतः विकत घेतली त्यांना हा प्रश्न लागूच नाही. ‘ययाति’च्या एका प्रतीवर ‘सप्रेम भेट’ असे शब्द आहेत आणि त्याखालचे नाव कसरीने खाल्ले आहे. तिथे कोणी तरी आहे, पण ते कोण हे ज्ञात नाही. कॉड यांनी 1990 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दोन रितेपणांना दोन निरनिराळ्या खुणा असाव्यात असा आग्रह धरला होता. प्रचलित डेटाबेसांनी तो मानला नाही, तेथे दोहोंना एकच खूण आहे. मी माझ्या फाइलीत दोन वेगळी चिन्हे योजून त्यांचा आग्रह पाळतो आहे, आणि रोज थोड्या ओळी निकालात निघतात.

परवा दोन्ही प्रती एकत्र करताना यंत्र ‘रणांगण’च्या ओळीशी थांबले. माझ्या प्रतीत त्या ओळीअखेर ‘वाचायला दिले, मुलीकडे’ असे आहे आणि तिच्या प्रतीत नव्या रकान्यात ‘बाबांनी दिले’. गिट अशा ठिकाणी निवाडा करीत नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडून ते निर्णय माणसावर सोपवते. मी तिला त्याबद्दल अजून काही कळवलेले नाही. पुढची पुस्तके पाहिली तर आणखीही काही ठिकाणी असेच असावे असा अंदाज आहे.